ध्यानधारणा नको, पाचवा माणूस द्या

सायबर सुरक्षेच्या नोकरीत बर्नआउट आहे, हे आता कोणी नाकारत नाही. वाद उरला आहे तो उपायाचा. कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, करिअर मार्गदर्शक, व्यवस्थापनावर व्याख्याने देणारे वक्ते असे सगळे जण जो उपाय सांगतात, तो थकलेल्या माणसालाच सांगतात. पहाटे उठून प्राणायाम करा, झोपण्याआधी मोबाइल लांब ठेवा, एखादा छंद लावून घ्या, मन कणखर करा. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन याही चेन्नईतल्या एका कार्यक्रमात याच आशयाचे बोलल्या होत्या. दबाव पेलण्याची आंतरिक शक्ती हवी आणि ती घरच्या शिकवणीतून, श्रद्धेतून येते, असा त्या बोलण्याचा रोख होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूचा त्याला संदर्भ होता. टीका झाल्यावर, त्या मुलीला दोष देण्याचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा त्यांनी केला आणि तो प्रामाणिक मानायला हरकत नाही. पण हेतू चांगला असला तरी हा उपदेश चुकीचाच ठरतो, असे मला ठामपणे म्हणायचे आहे. तो दुखण्याची जागा चुकवतो. ज्याच्या हातात पाळीचे वेळापत्रकही नाही त्याच्यावर तो जबाबदारी टाकतो. आणि ज्या बँका, रुग्णालये, वीज कंपन्या राखायला ही माणसे बसवलेली आहेत, त्यांना तो उघड्यावर ठेवतो.

हा प्रश्न सोलापूरला परका वाटण्याचे कारण नाही. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या इथल्या महाविद्यालयांतून संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुले-मुली पुण्याची वाट धरतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा ही नावे सोलापुरातल्या घराघरांत रोजची झाली आहेत. त्यातली काही सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे एसओसीत, पहिल्या पातळीचे म्हणजे एल-वन अ‍ॅनालिस्ट म्हणून लागतात. गावाकडे त्यांच्या कामाचे वर्णन ‘एसीत बसून तर काम आहे’ एवढ्यावर आटोपते. प्रत्यक्षात ते काम पहाऱ्याचे आहे. ग्राहक कंपनीचे सर्व्हर, फायरवॉल, ईमेल, कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप या सगळ्यांच्या नोंदी एका यंत्रणेत येऊन पडतात, ठरलेल्या नियमांनुसार ती यंत्रणा अलर्ट काढते, आणि समोर बसलेल्याने प्रत्येक अलर्ट उघडून तो खरा की खोटा हे ठरवायचे. बहुतेक खोटे निघतात. कोणी पासवर्ड विसरून पाचदा चुकीचा टाकला, कोणी सुट्टीवर असताना दुबईहून लॉगिन केले, एखाद्या सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप सुरू झाला. प्रत्येकाचे तिकीट, प्रत्येक तिकिटाला मिनिटांची मुदत. ग्राहक अमेरिकेतला असेल तर त्याचा दिवस ती आपली रात्र. खरा हल्ला या ढिगात कुठेतरी एखादाच असतो, आणि तो निसटला तर पहिला प्रश्न विचारला जातो तो त्या पाळीवर कोण होते हा.

आता बर्नआउट म्हणजे काय ते पाहू, कारण उपदेश करणारे नेमकी हीच पायरी गाळतात. न्यूयॉर्कमधले मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी 1974 मध्ये या अवस्थेवर पहिला लेख लिहिला. पुढे कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिना मॅस्लाक यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2019 मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची नोंद केली, तीही आजार म्हणून केली नाही, नोकरीशी निगडित घटना म्हणून केली. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ चाललेला आणि आटोक्यात न आणलेला ताण हे तिचे कारण सांगितले आहे. तिची तीन लक्षणे आहेत: अंगातले त्राण जाणे, कामाबद्दल मनात कडवटपणा आणि दुरावा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होते हा विश्वास उडणे. मॅस्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी या अवस्थेची जी सहा उगमस्थाने मांडली ती अशी: कामाचा बोजा, कामावर आपला ताबा, मोबदला, सोबतची माणसे, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. सहांपैकी एकही स्थान माणसाच्या श्वासात किंवा छंदात नाही. सहाही स्थाने नोकरी देणाऱ्याच्या कक्षेत येतात. एखाद्या खुर्चीवर बसलेला एक जण खचला तर त्याच्या स्वभावाचा, घरच्या परिस्थितीचा शोध घेणे रास्त आहे. त्याच खुर्चीवर एकामागून एक बसलेले सगळेच दीड-दोन वर्षांत खचून उठत असतील, तर तपासणी खुर्चीची व्हायला हवी.

पहाऱ्याच्या कामात लक्ष टिकण्याची मर्यादा किती, हे कोडे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडार पाहणारे लोक पडद्यावरचे पाणबुड्यांचे ठिपके चुकवू लागले. माणसे निवडक होती, प्रशिक्षित होती, आणि चूक झाली तर जहाजे बुडणार हे त्यांना ठाऊक होते. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केले आणि निष्कर्ष 1948 मध्ये प्रसिद्ध केले. एका घड्याळासारख्या तबकडीवर काटा टप्प्याटप्प्याने फिरे आणि क्वचित कधीतरी एक टप्पा ओलांडून पुढे उडी मारे. ती उडी दिसली की बटण दाबायचे, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष घसरू लागले आणि पुढे ते वर आले नाही. दीर्घ काळ काही घडत नाही, घडले तर क्षणभरच, आणि ते चुकवून चालत नाही, अशा कामाचा हा स्वभाव आहे. देशप्रेमाने किंवा निष्ठेने तो बदलला नाही. एसओसीतला पडदा याच जातीचा आहे, फरक इतकाच की तिथे काटा सतत खोट्या उड्या मारत असतो, आणि पाळी आठ-नऊ तासांची असते.

परिणाम काय होतो याचा एक पुरावा भारताशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीवर 2013 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हल्ला झाला आणि सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. ब्लूमबर्ग बिझनेसवीकने मार्च 2014 मध्ये छापलेल्या वृत्तांतानुसार, कंपनीने काही महिन्यांपूर्वीच महागडी टेहळणी यंत्रणा बसवली होती, बंगळुरूतला चमू तिच्यावर डोळा ठेवून होता, 30 नोव्हेंबरला अलर्ट आला, आणि बंगळुरूहून तो मिनिआपोलिसच्या मुख्य केंद्राला कळवलाही गेला. तिथे काही हालचाल झाली नाही. रोज येणाऱ्या असंख्य नोंदींपैकी ती एक होती आणि तपासून ती तातडीची नाही असे ठरवले गेले, असे कंपनीने नंतर सांगितले. यंत्र जागे होते, बंगळुरूची माणसे जागी होती, आणि तरी ढिगाऱ्याने हाक दाबून टाकली. अशा केंद्रातल्या अ‍ॅनालिस्टला ध्यानाचे अ‍ॅप वाटून काय होणार? तिथे खोटे अलर्ट काढणारे नियम दुरुस्त करायला वेळ आणि अधिकार असलेला माणूस हवा असतो. खर्चात कपात आली की बहुतेक ठिकाणी पहिली कात्री नेमकी याच कामाला लागते, कारण त्यातून ग्राहकाला दाखवण्यासारखे बिल निघत नाही.

इथे थोडे गणित करू, कारण सगळा वाद त्यात उलगडतो. आठवड्याचे तास 168. चोवीस तास, सातही दिवस भरलेली एक खुर्ची म्हणजे 168 तासांचे काम. त्यासाठी तीन माणसे नेमली तर प्रत्येकाच्या वाट्याला 56 तास येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासात आठवड्याला 55 तास आणि त्याहून अधिक काम करणाऱ्यांची तुलना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांशी केली आहे. पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी अधिक आढळला. अशा दीर्घ तासांशी निगडित मृत्यू एकट्या 2016 सालात 7 लाख 45 हजार होते. म्हणजे खुर्चीमागे तीन माणसे, हा आराखडाच त्या रेषेच्या पलीकडे सुरू होतो. चार माणसे नेमली तर प्रत्येकी 42 तास, आणि कागदावर सगळे नीट दिसते. पण चौघांतला एक जण रजेवर गेला, आजारी पडला, प्रशिक्षणाला गेला किंवा नोकरी सोडून गेला की उरलेले तिघे त्या आठवड्यात पुन्हा 56 तासांवर येतात. चार जणांच्या चमूत वर्षभर कोणी ना कोणी गैरहजर असणारच. प्रत्येकाची हक्काची रजा, सणवार, आजारपण आणि नवा माणूस मिळेपर्यंतचे महिने मोजले तर हे ‘कधीतरी’चे संकट राहत नाही, नेहमीची अवस्था होते. म्हणून खुर्चीमागे पाच हवेत. पाचवा माणूस म्हणजे चैन नाही. बाकीच्या चौघांची रजा खरी असण्याची ती अट आहे. ‘आमच्याकडे रजा भरपूर आहेत, पोरे घेतच नाहीत’ असे सांगणाऱ्या व्यवस्थापकाला एवढेच विचारावे की रजा घेतली तर पाळीवर कोण बसते. त्याचे उत्तर ‘त्याचाच मित्र, सलग दुसऱ्या पाळीला’ असे असेल, तर रजा न घेणाऱ्याला स्वतःच्या सीमा ठरवता येत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे आहे. तो मित्राची झोप वाचवत असतो.

सलग दुसऱ्या पाळीचा अर्थही स्पष्ट करायला हवा. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांचा 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्याच्या पातळीवर उतरते. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकाला दिलेली मर्यादा 0.03 टक्के आहे. ज्या अवस्थेतल्या माणसाला सोलापूरच्या सात रस्त्यावर स्कूटर चालवू दिली जाणार नाही, त्याच अवस्थेतल्या माणसावर लाखो खातेदारांच्या पैशाची राखण सोपवली जाते, आणि त्याला समर्पण म्हटले जाते.

यावर सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की हल्लेखोर वेळ पाळत नाहीत, मग राखणाऱ्याला घड्याळाकडे पाहून कसे चालेल? आक्षेपातले निरीक्षण अगदी खरे आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला 11 ऑगस्ट 2018 रोजी झाला, आणि तो महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँका बंद. त्या शनिवारी 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. सोमवारी, 13 ऑगस्टला, स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या यंत्रणेतून सुमारे 13.92 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण नुकसान 94 कोटींच्या वर गेले. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. तिथले कर्मचारी थकलेले होते असे माझे म्हणणे नाही. मुद्दा एवढाच की हल्ला करणाऱ्यांनी सुट्टीचा दिवस गाठला. पण यातून निष्कर्ष काय निघतो? सुट्टीच्या दिवशीही ताज्या डोळ्यांचा माणूस खुर्चीवर हवा, हा. सोमवार ते शुक्रवार राबलेल्यालाच शनिवारी पुन्हा बसवा, हा निघत नाही. हल्लेखोरही पाळ्यांनी काम करतात, विश्रांती घेतात, आपल्याला सोयीची वेळ निवडतात. त्यांच्याशी सामना करणाऱ्याने विश्रांतीविना लढावे, ही अपेक्षा युद्धशास्त्रातही बसत नाही.

चोवीस तास चालणारी आणि चूक झाली तर जीव जाणारी कामे आपल्याकडे आधीपासून आहेत, आणि त्यांत तासांची मर्यादा घालून ठेवलेली आहे. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे ठिकाण असल्यामुळे हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लोको पायलटच्या ड्यूटीचे तास आणि दोन ड्यूट्यांमधली विश्रांती नियमात बांधलेली आहे. नियम नेहमी पाळले जात नाहीत अशी त्यांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे, पण तक्रार करण्यापुरता तरी नियम आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी 2024 मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली. टप्प्याटप्प्याने ते नियम लागू झाले तेव्हा, डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला, इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियोजन कमी पडल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. काहींनी त्यातून नियमच अव्यवहार्य ठरवला. मला त्यात उलटे दिसते. इतकी वर्षे विमाने वेळेवर उडत होती ती किती ताणलेल्या माणसांच्या जिवावर, हे नियमाने उघड केले.

दुसरा आक्षेप सोलापुरात अधिक जोराने येतो आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. विडी वळून मान-पाठ मोडलेल्या हजारो बायका या शहरात आहेत, यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारे कामगार आहेत. त्यांच्यासमोर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या पगारदाराच्या थकव्याचे कौतुक कशाला? मला हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनातली कळकळ समजते. पण बारा तासांची पाळी हा अन्याय आहे, मोजपट्टी नाही. तिला मोजपट्टी केले की यंत्रमाग कामगाराचे तास कमी व्हायचे राहतात आणि दुसऱ्याचे वाढतात. या शहराची पहिली मोठी कापडगिरणी 1877 मध्ये सुरू झाली, त्या काळात कामगाराला आठवड्याची सुट्टीही कायद्याने नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आठवड्याला 48 तासांची मर्यादा कारखाना कायद्यात यायला 1946 साल उजाडले. त्या छपन्न वर्षांत मालकांकडून जे ऐकवले गेले त्याचा गाभा आजच्यापेक्षा वेगळा नव्हता: धंदा असाच आहे, स्पर्धा आहे, कामगाराला सवय आहे. गिरणी कामगाराने विश्रांती मनःशांतीच्या प्रवचनातून मिळवली नाही. त्याने तास मोजले आणि ते कायद्यात लिहून घेतले. सोलापूरसारख्या गिरणगावाने आपल्या पोरांना तरी हे सांगायला हवे.

मग कायदा आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 मध्ये झाला आणि त्याने दिवसाला नऊ, आठवड्याला 48 तास आणि जादा कामाला दुप्पट वेतन ठरवले. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय स्वरूपाची पदे त्यातून वगळली. पुण्यातल्या ज्या मुलीचा उल्लेख वर आला, ती ईवाय समूहाशी संलग्न संस्थेत होती आणि जुलै 2024 मध्ये 26 व्या वर्षी गेली. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केले नाही. पण त्यानंतरच्या पाहणीत, त्या कार्यालयाची या अधिनियमाखाली नोंदणीच नव्हती, असे राज्याच्या कामगार अधिकाऱ्यांनी सांगितले. कायदा ज्या दारापर्यंत पोहोचलेलाच नाही, त्या दाराआड तणावमुक्तीची शिबिरे भरवून काय साधते? आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास आणि तिमाहीतले जादा काम 125 वरून 144 तास करण्याला मंजुरी दिली. त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेल्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालाने आठवड्याला 60 तासांपुढचे काम आरोग्याला घातक असल्याचे अभ्यास दिले होते. सरकारच्या एका हाताने दिलेला इशारा दुसऱ्या हाताने पुसला जावा, हे खेदाचे आहे.

‘माणसेच मिळत नाहीत’ हा तिसरा आक्षेप. आयएससी-टू या सायबर सुरक्षा क्षेत्रातल्या जागतिक व्यावसायिक संघटनेच्या 2024 च्या पाहणीत जगभरची तूट 48 लाख माणसांची सांगितली आहे, आणि तो आकडा भाषणांत सारखा फिरतो. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. जागा रिकाम्या का, या प्रश्नाला त्या वर्षी सर्वाधिक आलेले कारण योग्य उमेदवार नसणे हे नव्हते, पैशाची तरतूद नसणे हे होते. इथे नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांची रांग आहे आणि तिथे रिकाम्या खुर्च्या आहेत. मधली भिंत अर्थसंकल्पाची आहे. लहान नागरी सहकारी बँकेला स्वतःचा चोवीस तासांचा पहारा परवडणार नाही, हे म्हणणे खरे आहे. पण रिझर्व्ह बँकेनेही 31 डिसेंबर 2019 च्या चौकटीत नागरी सहकारी बँकांचे चार स्तर करून प्रत्येकीवर सारखा भार टाकलेला नाही. जे एकेकट्याला परवडत नाही ते मिळून करायचे, यासाठीच सहकार जन्माला आला. नागरी बँकांची शिखर संस्था, एनयूसीएफडीसी, मार्च 2024 मध्ये सुरू झाली आहे. दहा-वीस बँकांनी मिळून एक पहारा केंद्र चालवले आणि त्यात खुर्चीमागे पाच माणसे नेमली, तर एकेका बँकेच्या वाट्याला येणारा खर्च पेलण्यासारखा राहील. असे केंद्र सोलापुरातही उभे राहू शकते. पहाऱ्याचे काम करायला हिंजवडीतच असावे लागते असे काही नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे सोपे करील, या आशेवर फार विसंबू नये. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी 1983 मध्येच दाखवून दिले होते की यंत्राने सोपी कामे उचलली की माणसाकडे फक्त अवघड निर्णय उरतात, तेही सराव कमी झालेल्या अवस्थेत. अलर्टची छाननी यंत्राने करावीच. पण त्यामुळे चौथा माणूस कमी करून तिघांवर आणायचे ठरले, तर गणित पुन्हा 56 वर येईल.

दोषाचे वाटपही पाहायला हवे, कारण बर्नआउटमध्ये तासांइतकाच वाटा अधिकाराविना आलेल्या जबाबदारीचा असतो. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन संस्थेतून 2017 मध्ये 14 कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. पायउतार झालेले प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सांगितले की एका व्यक्तीने सॉफ्टवेअर दुरुस्तीची सूचना पुढे पोहोचवली नाही. एवढ्या मोठ्या संस्थेची सुरक्षा एका माणसाच्या एका ईमेलवर लटकलेली होती, तर ती तशी लटकवणारे कोण होते? सुरक्षेचा माणूस धोका लिहून देतो, वरचा अधिकारी ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणतो, आणि फुटल्यावर लिहून देणाराच उभा केला जातो. हे वारंवार झाले की ज्याला कामाची खरी आस्था असते तोच आधी कडवट होतो.

वैयक्तिक उपाय निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. ज्याची झोप उडाली आहे, ज्याला सकाळी उठवत नाही, जगणे नकोसे वाटते, त्याने संस्था सुधारण्याची वाट पाहू नये. डॉक्टरकडे जावे, घरी बोलावे; सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते आणि ती मोफत आहे. नोकरी बदलणे हाही पळपुटेपणा नाही. योगासनांनी कोणाला बरे वाटत असेल तर ती जरूर करावीत. माझा विरोध आहे तो क्रमाला. आधी पाळी, मग अलर्टचे नियम, मग अधिकार, आणि त्यानंतर योग. आज बहुतेक संस्था चौथ्या पायरीपासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात, कारण ती सर्वांत स्वस्त आहे.

आणि हा बदल मागायला जागा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी घटना सहा तासांत कळवण्याचे आणि लॉग 180 दिवस जपून ठेवण्याचे बंधन घातले. यंत्रांच्या नोंदींबद्दल इतकी काटेकोर असलेली ती व्यवस्था पाळीवरच्या माणसाच्या तासांबद्दल मौन पाळते. रिझर्व्ह बँकेने 2 जून 2016 च्या परिपत्रकाच्या परिशिष्टात एसओसीत माणसे पाळ्यांत कशी नेमणार आणि त्यांचे सातत्य कसे राखणार हे प्रश्न निदान बँकांसमोर ठेवले होते. त्यापुढचे पाऊल म्हणजे विश्रांतीचे किमान तास ठरवणे आणि लेखापरीक्षणात रोस्टर तपासणे. रेल्वे अपघाताच्या चौकशीत लोको पायलट किती तास ड्यूटीवर होता हे विचारले जाते. सायबर घटनेच्या अहवालातही एक रकाना असावा: अलर्ट आला तेव्हा पाळीवर असलेली व्यक्ती त्या दिवशी किती तास आणि त्या आठवड्यात किती तास काम करत होती. तो रकाना येईपर्यंत सहकारी बँकांचे सभासद थांबून राहायची गरज नाही. सप्टेंबरात वार्षिक सभा भरतात, ताळेबंदावर प्रश्न विचारले जातात. पहाऱ्याचे काम ज्या कंपनीला दिले आहे तिच्याकडून मागच्या तीन महिन्यांचे रोस्टर संचालक मंडळाने मागवले आहे का, आणि त्यात एका खुर्चीमागे किती नावे आहेत, हे त्याच सभेत विचारता येते.